गंगेतला डॉल्फिन आणि धिंगरी: नववीच्या प्रकल्पात तुलना कशी करावी?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी नाशिकरोडला नववीत आहे. वर्गात चिठ्ठ्या काढल्या आणि तिच्या वाट्याला 'डॉल्फिनची एक प्रजाती आणि कवकाची एक प्रजाती यांची तुलना' असा प्रकल्प आला. तिनं गंगेतला डॉल्फिन आणि कवकांपैकी, म्हणजे बुरशीच्या वर्गातली, धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) निवडली. वहीत दोन रकाने आखून एकीकडे 'पाण्यात राहतो, करडा, पोहतो' असं लिहिलं, दुसरीकडे 'लाकडावर वाढते, पांढरट, हलत नाही' असं. बाईंनी शेरा दिला, 'यात तुलना कुठे आहे?' आता तुम्ही विचारताय की या दोघांत काहीच साम्य नसेल तर विषय बदलून मागावा का.

अजिबात बदलू नका. मी सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर मखमलाबादला घरामागच्या शेडमध्ये धिंगरी लावतो, आणि द्राक्षाच्या हंगामात ओळखीचे बागायतदार रोगट पानं सूक्ष्मदर्शकाखाली बघायला घेऊन येतात. या तिन्ही कामांमध्ये ज्या एका गोष्टीचं मला कायम अप्रूप वाटत आलंय, ती नेमकी तुमच्या लेकीच्या चिठ्ठीत आलेली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाईंचा शेरा बरोबर आहे. दोन रकाने भरले म्हणजे दोन याद्या झाल्या. डॉल्फिन करडा आणि धिंगरी पांढरी, हे वाचून कुणाच्या ज्ञानात काही भर पडत नाही, कारण एसटी लाल आणि आंबा पिवळा असंही लिहिता येतं. एकच प्रश्न दोघांनाही विचारला की तुलना सुरू होते. श्वास कसा घेता? पोट कसं भरता? वंश कसा वाढवता? उत्तरं वेगळी आली तर का वेगळी, ते शोधायचं. आणि सारखी आली तर खरी मजा तिथून पुढे आहे, कारण तेव्हा दुसरा प्रश्न विचारायचा असतो: हा सारखेपणा आला कुठून? एकाच पूर्वजाकडून वारशानं आला, की दोघांची अडचण सारखी होती म्हणून दोघांनी आपापल्या वाटेनं कमावला? तिच्या तक्त्यात हा एक रकाना वाढवला तरी प्रकल्पाचं रूप पालटेल.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. प्रकल्प द्यायला महिनाभर असेल तर घरी धिंगरी वाढवून बघता येईल, आठवडा असेल तर बाजारातून ताजी आणून भागवावं लागेल. घरात कुणाला दमा असेल तर धिंगरी वाढवायची पिशवी घरात ठेवू नका, कारण धिंगरीचे बीजाणू हवेत भरपूर उडतात आणि छातीला त्रास होतो. आणि 'प्रजाती' या शब्दाबद्दल बाई किती काटेकोर आहेत तेही विचारून घ्या. बाजारात धिंगरी म्हणून जी मिळते ती एकच प्रजाती नसते. प्लुरोटस ऑस्ट्रिएटस ही पुस्तकातली मूळ धिंगरी. आपल्याकडे 'फ्लोरिडा' नावानं लावतात ती तिचाच प्रकार मानतात. 'साजोर-काजू' नावानं बियाणं (स्पॉन, म्हणजे धान्यावर वाढवलेले तंतू) मिळतं ती खरं तर प्लुरोटस पल्मोनेरियस, आणि गुलाबी दिसते ती आणखी वेगळी. प्रकल्पात ऑस्ट्रिएटस लिहायचं असेल तर पांढरी फ्लोरिडा आणा.

डॉल्फिनच्या बाजूला नाव पक्कं आहे: प्लॅटॅनिस्टा गँजेटिका. १८०१ साली विल्यम रॉक्सबर्गनं त्याचं वर्णन छापलं. रॉक्सबर्ग ओळखला जातो तो भारतातल्या वनस्पतींच्या अभ्यासासाठी, आणि झाडापानांत रमलेल्या माणसानं डॉल्फिनचं वर्णन करावं हे मला फार आवडतं. सिंधू नदीतला डॉल्फिन पूर्वी याच प्रजातीत धरत, २०२१ मधल्या अभ्यासानंतर त्याला वेगळी प्रजाती मानू लागले. जुन्या पुस्तकातून उतरवून घेत असेल तर हे तपासायला सांगा. आपल्या गोदावरीला आपण दक्षिणगंगा म्हणतो, पण हा डॉल्फिन तिच्यात नाही. तो गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. दापोली-तारकर्लीला नावेतून दाखवतात तो समुद्रातला, निराळा.

आता श्वासापासून सुरुवात करू. हा डॉल्फिन मासा नाही, सस्तन प्राणी आहे. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत, त्यामुळे अर्ध्या मिनिटानं म्हणा, दोन मिनिटांनी म्हणा, त्याला वर यावंच लागतं. बिहारमध्ये भागलपूरच्या पुढे कहलगावला मी एकदा पहाटे नावेत बसलो होतो. सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा १९९१ पासून विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आहे. पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ. बराच वेळ काही दिसेना. मग पाठीमागून 'सूंऽस' असा मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज आला. मान वळवेपर्यंत एक लांब चोच, तिच्यामागे करड्या पाठीचा उंचवटा, आणि पाणी परत मिटलं. नावाडी नुसता 'सोंस' म्हणाला. त्या आवाजावरूनच तिकडे त्याचं नाव पडलंय म्हणतात. दीड तासात मी त्याला सात-आठ वेळा ऐकलं, नीट पाहिलं दोनदाच.

धिंगरीला नाक नाही की फुप्फुस नाही, पण तिलाही प्राणवायू लागतो आणि तीही कार्बन डायऑक्साइड सोडते. हे पुस्तकात वाचून पटत नाही, शेडमध्ये पटतं. पहिल्या हिवाळ्यात थंडी आत येऊ नये म्हणून मी खिडक्यांना गोणपाट लावून सगळं गच्च बंद केलं. चार दिवसांनी बघतो तर देठ बोटासारखे लांबलचक आणि त्यांच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढ्या छत्र्या. कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठला की धिंगरी अशीच देठ ताणत जाते आणि छत्री पसरत नाही. गोणपाट काढलं, हवा खेळती केली, आणि त्याच पिशव्यांचा पुढचा बहर रुंद शिंपल्यासारखा आला. डॉल्फिन हवेसाठी पाण्याबाहेर डोकं काढतो आणि धिंगरी देठ लांबवते, हे शेजारी शेजारी लिहिलं तर ती तुलना झाली.

पण इथे एक सावधगिरी. प्राणवायूवर जगणं वनस्पतींमध्येही आहे. म्हणून 'दोघं श्वास घेतात, म्हणून दोघं नात्यातले' असं तिला लिहू देऊ नका. हा वारसा इतका जुना आहे की तो द्राक्षवेलीलाही मिळालेला आहे. जवळचं नातं दाखवायला असं काही लागतं, जे या दोघांकडे आहे आणि वेलीकडे नाही. त्याकडे येतोच, आधी जेवण.

डॉल्फिन मासे आणि कोळंबी खातो. त्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग जवळजवळ नाही, आणि या प्रजातीच्या डोळ्यात भिंगच उरलेलं नाही. उजेड कुठून येतो एवढं कळत असावं, आकृती दिसत नाही. मग तो सतत टिकटिक आवाज सोडत राहतो आणि परतून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे आहे ते ताडतो. बऱ्याचदा कुशीवर वळून, एक पर तळाजवळ ठेवून पोहतो, आणि लांब चोचीतल्या अणकुचीदार दातांत मासा पकडतो. मासा अख्खा गिळायचा आणि पोटात पचवायचा.

धिंगरीचा क्रम उलटा. ती आधी पचवते आणि मग खाते. गव्हाच्या काडात किंवा लाकडात तिचे पांढरे तंतू शिरतात, विकरं बाहेर सोडतात, आणि लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन आणि त्यातलं सेल्युलोज तोडून विरघळलेला रस शोषून घेतात. लिग्निन तोडू शकणारे सजीव फार थोडे आहेत, त्यांत हिचा वरचा नंबर. पिशवी उघडल्यावर सोनेरी काड पांढरट आणि मऊ झालेलं दिसतं, हाताला पाव कुस्करल्यासारखं लागतं. तो तिच्या जेवणाचा पुरावा.

आणि धिंगरी शिकारही करते. लाकडात पिष्ट-साखरेचा माल भरपूर, पण नायट्रोजन अगदी कमी. ती तूट ती सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे अगदी बारीक कृमी, मारून भरून काढते. १९८० च्या दशकात हे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. तिच्या तंतूंवर टाचणीच्या डोक्यासारखे बारीक फुगवटे येतात. कृमी त्यांना घासून गेला की ते फुटतात आणि त्यातलं द्रव्य कृमीला लुळं करतं. २०२३ मध्ये हे द्रव्य कोणतं तेही कळलं, ३-ऑक्टॅनोन नावाचं साधं बाष्पशील रसायन. कॉलेजात एकदा मी अन्न नसलेल्या आगरवर (बशीतल्या जेलीवर) धिंगरीचं कवकजाल, म्हणजे तंतूंचं जाळं, वाढवून त्यावर मातीतले कृमी सोडले होते. एक कृमी नेहमीसारखा वळवळत तंतूंवरून गेला, मग पुढचा भाग थांबला, शेपूट तेवढं हलत राहिलं, आणि थोड्या मिनिटांत तो ओल्या दोऱ्यासारखा सरळ पडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आत तंतू होते. बाकावर सोळा पोरं होती, एकाचाही आवाज नव्हता.

आता दुसरा प्रश्न विचारा: शिकार करणं हा सारखेपणा वारशाचा का? नाही. डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवरचे खुरांचे प्राणी होते, आजच्या पाणघोड्याचे नातलग, आणि पाण्यात परतल्यावर तो वंश मासे पकडायला शिकला. धिंगरीनं सापळा लावला तो नायट्रोजनच्या टंचाईपोटी. गरज सारखी होती, वाटा वेगळ्या होत्या. तक्त्यात हे 'गरजेतून आलेलं साम्य' म्हणून जाईल.

वारशानं आलेलं साम्य कोणतं? इथे मला द्राक्षबागेत जावं लागेल, आणि नाशिकच्या पोरीला ते लगेच कळेल.

आठवीच्या विज्ञानात व्हिटाकरची १९६९ ची पाच सृष्टींची मांडणी आहे: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. तोवर बुरशीला वनस्पतींतच धरायची पद्धत होती, म्हणून तर कॉलेजात आजही कवकं वनस्पतिशास्त्राच्या विभागात शिकवतात. व्हिटाकरनं त्यांना वेगळं घर दिलं. पण पाच घरं शेजारी शेजारी काढली की कोण कुणाच्या जास्त जवळचं ते कळत नाही. १९९३ मध्ये रेणूंच्या अभ्यासातून स्पष्ट पुढे आलं की कवकांचे सगळ्यात जवळचे नातलग प्राणी आहेत. वनस्पतींची फांदी त्याआधीच वेगळी झाली होती. म्हणजे धिंगरी ज्या गव्हाच्या काडावर वाढते त्या गव्हापेक्षा ती गंगेतल्या डॉल्फिनच्या जास्त जवळची आहे, आणि तुमच्या-माझ्याही. दोघांचा सामाईक पूर्वज साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वीचा किंवा त्याहून जुना, पाण्यात राहणारा एकपेशीय जीव.

त्या पूर्वजाची खूण म्हणजे मागे लावलेली एक शेपटी. डॉल्फिनचा शुक्रजंतू पाठीमागच्या एका शेपटीनं स्वतःला पुढे ढकलतो. धिंगरीनं ती शेपटी कधीच टाकून दिली, पण कवकांमधला कायट्रिड नावाचा जुना गट अजून ती बाळगून आहे. मी वर्गात डबक्याच्या पाण्यावर परागकण भुरभुरून ठेवायचो. चार-पाच दिवसांनी त्या कणांवर काचेच्या मण्यांसारखे गोळे चिकटलेले दिसायचे, आणि नशीब असेल तर त्यातला एक फुटून बीजाणू बाहेर पडायचे. शेपटी दिसायला चांगला सूक्ष्मदर्शक हवा, पण मागून ढकलल्यासारखी धक्क्याधक्क्यानं पळण्याची चाल ओळखू यायची.

आता द्राक्षाची पानं घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की बागेत डाऊनी येतो, पुस्तकात ज्याला केवडा म्हणतात. पुढे थंडी-उकाड्याच्या दिवसांत भुरी येते. दोन्हींना शेतकरी बुरशी म्हणतो आणि दुकानातून 'बुरशीनाशक' आणतो. भुरी खरी कवक आहे. डाऊनी कवक नाही. दिसायला तंतू तसेच, पानावर पांढरी लव तशीच, पण वंश समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या बाजूचा. रोगट पान ओल्या टिपकागदावर डब्यात रात्रभर ठेवून सकाळी मागची लव पाण्यात झटकली, तर काही वेळानं जे पोहणारे बीजाणू सुटतात त्यांना दोन शेपट्या असतात. भुरी, धिंगरी, डॉल्फिन हे एका शेपटीच्या घराण्यातले आणि डाऊनी दोन शेपट्यांच्या.

याचा फटका पैशात बसतो. दिंडोरीकडचा एक तरुण बागायतदार चार वर्षांपूर्वी पानं घेऊन आला होता. डाऊनीवर त्यानं पाठोपाठ दोनदा हेक्झाकोनॅझोल मारलं होतं आणि रोग घडांवर उतरला होता. औषधात भेसळ आहे असं तो म्हणत होता. औषध चांगलंच होतं. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही औषधं कवकाला अर्गोस्टेरॉल बनवू देत नाहीत. हा स्निग्ध पदार्थ कवकाच्या पेशीपटलाला लागतो. डाऊनी तो बनवतच नाही, मग बंद काय पडणार? उलट डायमेथोमॉर्फसारखं औषध डाऊनीवर चालतं, कारण ते सेल्युलोजची भिंत बांधण्यात अडथळा आणतं आणि डाऊनीची भिंत सेल्युलोजची असते. भुरीची भिंत कायटिनची, म्हणून भुरीवर त्याचा उपयोग नाही. वर्गीकरण हा पाठांतराचा धडा आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी ही पानं दाखवतो.

आता डॉल्फिनकडे परत या. अर्गोस्टेरॉलच्या जागी डॉल्फिनच्या आणि आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल असतं. दोन्ही रेणू सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस पसरला तेव्हा अँफोटेरिसिन बी या इंजेक्शनसाठी लोक वणवण फिरत होते. ते औषध बुरशीच्या अर्गोस्टेरॉलला धरून पेशीपटलाला गळती लावतं. पण थोडंफार ते आपल्या कोलेस्टेरॉललाही धरतं, म्हणून रुग्णाच्या मूत्रपिंडावर डॉक्टरांना डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागत होतं. जिवाणूंवरची औषधं शोधणं तुलनेनं सोपं गेलं, कारण जिवाणू आपल्यापासून फार लांबचे. बुरशी नात्यातली, तिला मारायचं औषध आपल्यालाही थोडं लागतंच. ताई, प्रकल्पातलं एकच वाक्य ठळक लिहायचं असेल तर मी हे निवडेन.

दोघांकडे आहे आणि वनस्पतीकडे नाही असं आणखी एक: साठवणीचं अन्न. वनस्पती स्टार्च साठवतात, बटाट्यात असतो तो. डॉल्फिन आपल्यासारखाच यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन साठवतो, आणि धिंगरीही तंतूंत ग्लायकोजेनच साठवते. कायटिनबद्दल मात्र नीट लिहा. धिंगरीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, डॉल्फिनच्या अंगात नसतं. डॉल्फिन जी कोळंबी खातो तिच्या कवचात असतं. म्हणजे कायटिन 'कवकं आणि काही प्राणी' यांच्यातलं साम्य आहे, 'धिंगरी आणि डॉल्फिन' यांच्यातलं नाही. मुलं इथे हमखास घसरतात.

वंशवाढीवर फार लिहायला नको, फरक इतका उघड आहे. डॉल्फिनची मादी साधारण नऊ ते अकरा महिने गर्भ वाढवते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. धिंगरीची एक छत्री कोट्यवधी बीजाणू वाऱ्यावर सोडते, त्यांतले बहुतेक वाया जातात. एक बारीकसा मुद्दा तरी घ्या. धिंगरीत नर-मादी नसतात, पण जुळणारे आणि न जुळणारे असे अनेक 'प्रकार' असतात. दोन जुळणारे तंतू एकत्र आले तरी त्यांची केंद्रकं लगेच एक होत नाहीत. ती एकाच पेशीत जोडीनं राहतात, आणि छत्रीच्या खालच्या पडद्यांवर बीजाणू बनायच्या वेळी एक होतात.

मोजणीचा प्रश्न मात्र जरूर विचारा. २०२० च्या १५ ऑगस्टला डॉल्फिन प्रकल्पाची घोषणा झाली, आणि मार्च २०२५ मध्ये देशातल्या नदी-डॉल्फिनांच्या पहिल्या मोजणीचा आकडा जाहीर झाला: आठ राज्यांतल्या २८ नद्यांत मिळून ६,३२७. त्यांत उत्तर प्रदेशात २,३९७ आणि बिहारमध्ये २,२२०. यांतले तीन सिंधू डॉल्फिन पंजाबातले, म्हणजे गंगेच्या प्रजातीचे ६,३२४. साडेआठ हजार किलोमीटर नावेतून फिरून, पाण्यावर येणाऱ्या चोची पाहून आणि पाण्याखालचे आवाज टिपून हे काम झालं. आता धिंगरी मोजायची तर काय मोजणार? एका ओंडक्यावर वीस छत्र्या दिसल्या म्हणजे वीस धिंगऱ्या का? आत कवकजाल एकच असेल तर तो जीव एक. छत्री म्हणजे वेलीवरचा घड, वेल लाकडाच्या आत. डॉल्फिन कातडीच्या आत संपतो, कवक कुठे संपतं ते तंतू कापून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. मला स्वतःला या तुलनेतला हा सगळ्यात खोल फरक वाटतो.

थोडक्यात मांडणी अशी ठेवा. पहिल्या रकान्यात प्रश्न: श्वास, अन्न मिळवणं, पचन, साठवण, पेशीपटल, वंशवाढ, 'एक जीव' कशाला म्हणायचं. मधले दोन रकाने डॉल्फिन आणि धिंगरीचे. शेवटचा रकाना 'साम्य कुठून आलं?' तिथे तीनच शब्द वापरायचे: जवळचा वारसा, जुना वारसा, गरज. फरक असेल तिथे एका ओळीत कारण. सगळे खण भरलेच पाहिजेत असं नाही. रंग, लांबी, वजन हे तक्त्यात नकोच, चित्राखाली लिहा.

वेळ असेल तर धिंगरी घरी लावा. डॉल्फिन नाशिकला आणता येणार नाही, पण तुलनेतला अर्धा भाग तरी हाताशी राहील. एक किलो गव्हाचं काड बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवा, निथळा, ८० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर ठेवून पुन्हा निथळा. मुठीत दाबल्यावर पाणी टपकू नये, तळहात फक्त ओला व्हावा. पिशवीत काडाचा थर, कडेनं बियाणं, पुन्हा थर, असं भरून तोंड बांधा आणि चारी बाजूंनी टाचणीनं भोकं पाडा. दोन-अडीच आठवडे अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली की पिशवी आतून पांढरी होते. मग प्लास्टिक काढायचं, उजेड आणि हवा द्यायची, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाशिकची हवा याला फार चांगली, एप्रिल-मेमध्ये नाद सोडा. आणि काड कुठलं ते विचारून घ्या. मी एकदा द्राक्षबागेत आच्छादनाला टाकलेलं उसाचं पाचट उचलून आणलं होतं. त्यावर हंगामभर भुरीची औषधं पडलेली. बाराही पिशव्यांत एक तंतू धावला नाही.

वाढ सुरू झाल्यावर एका बाजूला कागदी खोका उलटा घालून हवा कोंडा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा. लांब देठ आणि रुंद छत्री, दोन्हींचे फोटो पट्टी लावून काढा, म्हणजे श्वासाचा खण तिच्या स्वतःच्या निरीक्षणानं भरेल. छत्रीची कड वर वळायच्या आत तोडा, नाहीतर बीजाणू घरभर होतात. एक छत्री मात्र देठ कापून काळ्या कागदावर पडदे खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी वाटी उचलली की कागदावर पांढरट, किंचित जांभळी झाक असलेल्या रेघांचा पंखा उमटलेला असेल. त्यावर बोट न लावता केसांचा स्प्रे लांबून मारा, मग ती नक्षी वहीत चिकटवता येते.